बुरशीनाशके : पिकांचे रक्षण आणि त्याची किंमत

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव आणि परिसर हा मांजरा खोऱ्याचा भाग. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा, रब्बी ज्वारी आणि पाणी असेल तेथे ऊस ही येथील पीकरचना. मराठवाडा अवर्षणासाठी ओळखला जात असला, तरी पावसाचा अतिरेकही येथे तितकाच घातक ठरतो. २०२१ आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या अतिवृष्टीने काढणीच्या तोंडावर आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. ओलसर माती, उबदार हवा आणि ढगाळ आकाश ही बुरशीला मानवणारी परिस्थिती. अशा वेळी शेतकऱ्याची पावले कृषी सेवा केंद्राकडे वळतात. तेथे मिळणाऱ्या बुरशीनाशकाला बोलीभाषेत सरसकट ‘औषध’ म्हटले जाते. ते औषध असले, तरी विषही आहे.

रोग कोणता, उपाय कोणता?

बुरशीजन्य रोगांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही रोग बियाण्यातून येतात, काही जमिनीतून, तर काही हवेतून पसरतात. ज्वारीची दाणे काणी बियाण्याबरोबर शेतात येते. पेरणीपूर्वी प्रतिकिलो बियाण्यास चार ग्रॅम गंधक चोळले, तर ती अत्यल्प खर्चात आटोक्यात राहते. सोयाबीनच्या बियाण्यास कार्बोक्झिन व थायरम यांचे मिश्रण तीन ग्रॅम प्रतिकिलो या प्रमाणात लावण्याची शिफारस आहे.

तुरीवरील मर रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे तग धरते आणि मुळावाटे झाडात शिरते. पानांवर केलेल्या फवारणीचा तिच्यावर परिणाम होत नाही. येथे उपयोगी पडतात ते प्रतिकारक्षम वाण, पिकांची फेरपालट आणि ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राचे ‘बीएसएमआर ७३६’ आणि ‘बीडीएन ७११’ हे वाण याच कारणाने मराठवाड्यात रुजले. सोयाबीनवरील तांबेरा, शेंगांवरील करपा हे रोग मात्र प्रामुख्याने फवारणीने रोखावे लागतात आणि तेथे वेळेला महत्त्व असते. लक्षणे सर्वत्र दिसू लागल्यावर केलेली फवारणी बहुधा वाया जाते.

बोर्डोपासून आंतरप्रवाही रसायनांपर्यंत

आधुनिक बुरशीनाशकांचा इतिहास फ्रान्समधील बोर्डो परगण्यात सुरू होतो. १८८५ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षावरील केवडा रोखते, हे जाहीर केले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी या प्रमाणातील एक टक्का बोर्डो मिश्रण आजही महाराष्ट्रातील बागायतदार वापरतात. मोरचूद, गंधक, मॅन्कोझेब ही स्पर्शजन्य बुरशीनाशके पानाच्या पृष्ठभागावर राहतात आणि बुरशीच्या अनेक जीवनक्रियांवर एकाच वेळी आघात करतात. कार्बेन्डाझिम, मेटॅलॅक्सिल, ट्रायझोल ही आंतरप्रवाही रसायने झाडात शिरतात आणि बुरशीतील एखाद्याच क्रियेवर नेमका घाव घालतात.

हा नेमकेपणाच त्यांचा दुबळेपणा ठरतो. बुरशीच्या जनुकात एखादा बदल झाला, की औषध निष्प्रभ होते. बटाट्यावरील करप्याबाबत मेटॅलॅक्सिलचा असा अनुभव युरोपात १९८० मध्येच आला. महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यातही केवड्याची बुरशी स्ट्रोबिल्युरिन गटाच्या औषधांना दाद देईनाशी झाल्याचे आढळले आहे. मात्रा वाढवणे हा यावरचा इलाज नव्हे. त्यामुळे खर्च वाढतो आणि प्रतिकारक बुरशीची निवड अधिक वेगाने होते.

शेताबाहेरचे परिणाम

तांबे विघटन पावत नाही. वर्षानुवर्षे फवारलेल्या बागांच्या मातीत ते साचत जाते आणि गांडुळांना अपायकारक ठरते. म्हणूनच युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली. सोयाबीन, तूर यांच्या बियाण्यास बुरशीनाशकाबरोबरच रायझोबियम चोळल्यास हे उपयुक्त जिवाणू मरण्याचा धोका असतो. त्यामुळे आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि पेरणीच्या अगदी आधी जिवाणू संवर्धक असा क्रम सांगितला जातो.

पाण्याचा प्रश्न शहरांशीही निगडित आहे. केज तालुक्यातीलच धनेगाव येथे मांजरा धरण असून लातूरसह अनेक गावे पिण्याच्या पाण्यासाठी त्यावर अवलंबून आहेत. धरणाच्या वरच्या भागातील शेतात फवारलेल्या द्रव्याचा काही अंश पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत उतरू शकतो. फवारणी पंप ओढ्यात धुणे, रिकाम्या बाटल्या बांधावर टाकणे या सवयी तो वाढवतात.

मानवी आरोग्याचा आणखी एक धागा वैद्यकशास्त्राशी जोडलेला आहे. शेतात वापरली जाणारी ट्रायझोल रसायने आणि रुग्णांना दिली जाणारी काही बुरशीरोधक औषधे एकाच कुळातील आहेत. त्यांना न जुमानणारी ॲस्परजिलस बुरशी नेदरलँड्सप्रमाणे भारतातही माती व हवेत आढळली असून तसा शोधनिबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही बुरशी अतिगंभीर यादीत समाविष्ट केली.

कायदा आणि विवेक

भारतात बुरशीनाशकांचे नियमन कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार होते. बेनोमिल, ट्रायडेमॉर्फ, फेनारिमॉल आणि बियाण्यास लावले जाणारे पारायुक्त संयुग यांवर २०१८ मध्ये बंदी आली. मॅन्कोझेबची मान्यता युरोपीय संघाने २०२० मध्ये नाकारली. भारतात मात्र ते वापरात आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथे प्रामुख्याने कीटकनाशकांचा संबंध होता, परंतु अनेक रसायने एकत्र कालवणे आणि उघड्या अंगाने फवारणे यांतील धोका बुरशीनाशकांबाबतही टळत नाही.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दर्शवतो. लाल सर्वाधिक, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा हा उतरता क्रम आहे. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. शिफारशीइतकीच मात्रा, रासायनिक गटांची अदलाबदल, हातमोजे व तोंडावर मुखपट्टी आणि फवारणी व काढणी यांतील ठरवून दिलेले अंतर ही पथ्ये पाळल्यास बुरशीनाशक उपयोगी पडते. प्रतिकारक्षम वाण, बीजप्रक्रिया आणि पाण्याचा निचरा यांना प्रथम स्थान आणि फवारणीला शेवटचे, हा क्रम शेतकऱ्याच्या खिशाला जसा परवडतो, तसाच तो मातीलाही मानवतो.