परत न आलेल्या नोटा

‘जुने ते सोने’ ही म्हण नोटांच्या बाजाराला लावून पाहिली, तर ती पहिल्याच पायरीवर घसरते. नोट ही सोन्याचांदीच्या जागी दिलेली चिठ्ठी. ‘ही आणून द्या आणि पैसे घेऊन जा’ असे वचन तिच्यावर छापलेले. वचन पुरे झाले, की चिठ्ठीचे काम संपते आणि काढणारा ती नष्ट करतो. म्हणून दुर्मीळ नोटांचा इतिहास हा मुख्यतः परत न आलेल्या नोटांचा इतिहास आहे. किती छापल्या, याहून किती मागे उरल्या, हा प्रश्न मोठा. तो ध्यानी धरला म्हणजे या बाजारातील बहुतेक कोडी सुटतात, असे आम्हांस वाटते.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बंगाल, मुंबई व मद्रास या इलाखा बँकांकडून सरकारने आपल्याकडे घेतला. देशाचे चलनी विभाग पाडले गेले आणि मुंबई विभागाची नोट त्या विभागातच हक्काने वटे. दूरगावी रक्कम धाडणारे व्यापारी नोटेचे दोन तुकडे करीत. एक टपालाने पाठवीत आणि त्याची पोच आल्यावर दुसरा. असे सांधलेले जोड आजही लिलावात येतात. अखंड नोटेपुढे त्यांचा भाव उतरतो. पण जेथे अखंड नोट मिळतच नाही, तेथे सांधलेलीसाठीही चढाओढ लागते.

पुढे पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली आणि जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. दोन्ही १९२६ साली बंद झाल्या. एक रुपयाची नोट १९४० साली पुन्हा आली. अडीच रुपयांची कधीच आली नाही.

लहान नोट हातोहात फिरून झिजून मरते. मोठी तिजोरीत जपली जाते, पण तिला सरकारी हुकूम मारतो. जानेवारी १९४६ मध्ये पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. त्या सुमारे १४४ कोटी रुपयांच्या होत्या. पैकी सुमारे १३५ कोटींच्या १९४७ अखेर बदलून दिल्या गेल्या. १९५४ साली हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा निघाल्या आणि १६ जानेवारी १९७८ रोजी त्याही रद्द झाल्या. ज्याने दहा हजारांची नोट परत केली नाही, त्याने त्या दिवशी दहा हजार रुपये गमावले. तोटा त्याच्या पदरी पडला. किंमत मात्र पुढे कोणा अनोळखी माणसाच्या हाती आली.

समुद्रानेही या बाजारात भर घातली आहे. लंडनहून मुंबईस निघालेली ‘शिराळा’ ही बोट जर्मन पाणबुडीने २ जुलै १९१८ रोजी बुडविली. तिच्यावरील कोऱ्या नोटांची पुडकी किनाऱ्यास लागली. बहुतेक गोळा करून नष्ट करण्यात आली. थोड्या खाजगी हाती राहिल्या. त्यांपैकी दहा रुपयांच्या दोन नोटा मे २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात आल्या. प्रत्येकीचा अंदाज २,००० ते २,६०० पौंडांचा होता; एक ६,५०० पौंडांना गेली, दुसरी ५,५०० ला.

पण नुसत्या टंचाईने भाव चढत नाही; मागणारा लागतो. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, कारण सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी भारतातील रुपये तिकडे वाहत होते. १९६१ साली कुवेतने आणि १९६५ साली बहारीनने आपले चलन काढले व या नोटा माघारी आल्या. उरलेल्या थोड्या नोटा भारतीय संग्राहकाला हव्यात आणि आखातातील संग्राहकालाही. मागणारे दोन, माल एक, भाव चढणारच.

यावर आता गुणांकनाची भर पडली आहे. परीक्षक नोटेला सत्तरपैकी गुण देतात. घडी, डाग, चिकटपट्टी, धुऊन इस्त्री केल्याची खूण, या सर्वांनी भाव पडतो. आपल्याकडे बँका पुडक्यांना टाचण्या मारीत, म्हणून बिनछिद्री जुनी नोट विशेष मोलाची.

हे सारे सांगण्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. ‘७८६’ आकड्याच्या नोटेला लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणीचे शुल्क भरा, असे सांगणारे भामटे घरोघर पोचले आहेत. काहींनी रिझर्व्ह बँकेचे नाव व चिन्हही वापरले. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की, अशा व्यवहारात ती नाही आणि त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही. खरा गिऱ्हाईक नोट पाहतो आणि पैसे देतो. तो आधी पैसे मागत नाही. शिवाय २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटांचे ढीग भावाच्या आशेने ठेवण्यात अर्थ नाही. २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा अधिक नोटा बाळगणे गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्र यांसाठी ती मर्यादा पंचवीस आहे.

आजीच्या ट्रंकेत एखादी नोट निघालीच, तर ती धुऊ नये, चिकटवू नये, जाणत्यास दाखवावी. भाव येईल किंवा येणार नाही. परंतु घरातील कोणीतरी ती कधी, कोणत्या भीतीने वा आशेने परत केली नाही, हे विचारून लिहून ठेवावे. तेवढे मात्र कोणत्याही लिलावात विकत मिळत नाही.