तळटीप : क्लोरोफॉर्म

क्लोरोफॉर्म : मिथेनच्या रेणूतील चार हायड्रोजन अणूंपैकी तिघांची जागा क्लोरीनने, म्हणजे हॅलोजन गटातील एका मूलद्रव्याने, घेतल्यावर बनणारे हे संयुग रंगहीन, गोडसर वासाचे आणि पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असून ६१ अंश सेल्सिअसला उकळते. एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ साली प्रसूतिवेदना शमवण्यासाठी त्याचा वापर केला आणि भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या ईथरसारखे ते सहज पेट घेत नसल्याने दिव्याच्या उजेडात होणाऱ्या शस्त्रक्रियांत ते लवकरच रूढ झाले. परंतु भूल देणारी मात्रा आणि प्राणघातक मात्रा यांत अंतर फार थोडे असल्याने रोगी दगावत, आणि ते श्वास थांबून की हृदय बंद पडून, हा वाद सोडवण्यासाठी निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत १८८८ व १८८९ साली दोन आयोग नेमले गेले. त्यांनी हृदयावरील परिणाम नाकारला. हा निष्कर्ष चुकीचा होता, हे ए. जी. लेव्ही यांच्या १९११ मधील प्रयोगांनी दाखवले. हवा व प्रकाश यांच्या संपर्कात क्लोरोफॉर्मपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, म्हणून ते तपकिरी बाटलीत, किंचित एथिल अल्कोहोल मिसळून ठेवतात. यकृतालाही घातक असल्याने भुलीसाठीचा त्याचा वापर मागे पडला असून आज ते मुख्यतः फ्लोरीनयुक्त संयुगांच्या निर्मितीत कच्चा माल म्हणून लागते.