प्लिमथच्या पोटात मॅटाडोर

मॅटाडोरचा आवाज पिंपरी-चिंचवडच्या माणसाला ओळखायला शिकवावा लागत नाही. भाजीची पोती, शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, एके काळी सगळे तिच्यातूनच जायचे. पिंपळे गुरवला आमच्या मागच्या गल्लीत एका सकाळी तोच आवाज आला. अलीकडे तो दुर्मीळ झाला आहे, म्हणून मी बाहेर जाऊन पाहिले. गॅरेजच्या दारात मॅटाडोर नव्हतीच. क्रोमची रुंद जाळी आणि गुबगुबीत मडगार्ड असलेली १९५१ सालची अमेरिकन प्लिमथ तिथे उभी होती. बोनेट उघडे होते आणि आत आकुर्डीचे डिझेल इंजिन धडधडत होते.

गाडी एका घरातलीच. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली, वडिलांनी वापरलेली आणि आता नातू ती नव्यासारखी करून घेत होता. पत्रा ठोकून सरळ झाला होता, रंग चढला होता, सीटची कव्हरे शिवायला गेली होती. अडले होते ते फक्त इंजिनापाशी. ते का अडले, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

अमेरिकन मोटार आपल्याकडे आली ती बरीचशी खोक्यांतून. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून शेवरोले बांधायला सुरुवात केली. पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत जुळणी चालू केली. वालचंद हिराचंदांना नुसती जुळणी नको होती, त्यांना इथे मोटार घडवायची होती. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज ट्रक बाहेर पडले. मागोमाग डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या आल्या. नावे तीन, पण बरेचदा गाडी जवळजवळ एकच. जाळी आणि नावाची पट्टी बदलली की झाले. पुढे १९५३ मध्ये सरकारने ठरवले की, ज्यांना सुटे भागही इथेच बनवायचे आहेत त्यांनीच थांबावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघेही निघून गेले. प्रीमियर राहिली, पण तिचे लक्ष हळूहळू इटलीच्या छोट्या फियाटकडे वळले. (तीच प्रीमियर पुढे आपल्या चिंचवडला आली आणि जनरल मोटर्स २००८ मध्ये तळेगावला. आज तळेगावात शेवरोले बनत नाही. या पट्ट्याने अमेरिकन गाडीला दोनदा निरोप दिला, असे म्हणायला हरकत नाही.)

म्हणजे झाले असे की, अमेरिकेत मोटारीला खरा जोर चढला तेव्हा आपला दरवाजा बंद झाला होता. तिकडे १९६४ च्या एप्रिलमध्ये फोर्डने मस्टँग आणली. त्याच सुमारास पाँटिअ‍ॅकची जीटीओ आली. दंडाच्या बेटकुळ्या दाखवत फिरणाऱ्या या गाड्यांना तिकडे मसल कार म्हणू लागले. जीटीओचा जन्म मोठा मजेशीर आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा घरचाच नियम होता. पाँटिअ‍ॅकच्या इंजिनिअरांनी थोरल्या गाडीचे ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन मधल्या गाडीत बसवले आणि नियमातून सुटण्यासाठी ती वेगळी गाडी न म्हणता जादा सोयींच्या यादीत घातली. मसल कार म्हणजे मुळातच दुसऱ्याचे इंजिन पोटात घेतलेली गाडी.

आपल्याकडेही तेच झाले, फक्त उलट्या दिशेने.

साठच्या दशकात मुंबई-पुण्यात मोठी अमेरिकन गाडी म्हणजे श्रीमंतीची परिसीमा. ‘इम्पाला’ हा शब्द मोटारीपेक्षा प्रतिष्ठेसाठीच जास्त वापरला जायचा. नवी गाडी बाहेरून आणणे जवळपास अशक्य होते. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांच्या जुन्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्यांतली एखादी मिळाली तर मिळाली. बाकीच्यांच्या हाती कुर्ल्याच्या आणि शिवडीच्या म्हाताऱ्या. त्यांत १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोलचे भाव कडाडले. अमेरिकेत मसल कारची सद्दी त्या सुमारास संपली. विम्याचे हप्ते आणि धुराचे कायदे आधीच मागे लागले होते. आपल्याकडे मोठ्या गाड्यांच्या मालकांपुढे दोनच वाटा उरल्या, भंगार किंवा डिझेल.

डिझेल म्हणजे आधी मद्रासच्या सिम्पसन कंपनीची पर्किन्स इंजिने. मग ऐंशीच्या दशकात आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याने ओएम ६१६ हे इंजिन बनवायला घेतले. चार सिलिंडर, २.४ लिटर. जर्मनीत ते मर्सिडीजच्या २४०डी गाडीत होते, आपल्याकडे मॅटाडोरमध्ये आले. चिवट इंजिन, सुटे भाग कुठेही मिळणार, दुरुस्त करणारा हात गल्लोगल्ली. जीप असो, अ‍ॅम्बॅसिडर असो की प्लिमथ, गॅरेजवाल्यांनी ते जिथे मावेल तिथे बसवले.

बसवले हा शब्द सोपा आहे, काम नाही. प्लिमथचे मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, लांबलचक, ३.६ लिटरचे, ९७ अश्वशक्तीचे. ते काढल्यावर बोनेटखाली खोलीएवढी जागा होते, पण हवी तिथे नाही. नव्या इंजिनाची तेलाची टाकी खालच्या आडव्या दांड्याला घासते. फाउंडेशन कापून पुन्हा वेल्ड करावे लागते. गिअरबॉक्स नव्या इंजिनाबरोबरचाच घेतला, तर स्टेअरिंगजवळचा गिअर जाऊन खाली फरशीतून दांडा वर येतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी जमत नाही, तो कापून जोडायचा आणि लेथवर फिरवून तोल पाहायचा, नाही तर साठच्या वेगाला सगळी गाडी थरथरते. मूळ गाडीची वीज सहा व्होल्टची. त्या विजेवर डिझेलचा स्टार्टर काय फिरणार? म्हणून सगळे वायरिंग बारा व्होल्टचे. यातल्या कशाचाही नकाशा छापलेला नव्हता. भोसरी-लांडेवाडीतल्या लेथवाल्यांनी आणि कासारवाडीच्या वेल्डरांनी खडूने जमिनीवर रेघा मारून ते केले. कारखान्यात आठ तास जे हात काम करत, त्यांतलेच काही संध्याकाळी गॅरेजात असत. आपल्या औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासात कारखान्यांच्या उद्घाटनाच्या तारखा सापडतात, या कारागिरीची नोंद कुठे सापडत नाही.

अमेरिकेतही जुन्या गाडीत नवे इंजिन घालणारे हौशी पुष्कळ आहेत. तिथे ते वेग वाढवण्यासाठी. आपण ताकद कमी केली, कारण गाडीला पळायचे नव्हते, टिकायचे होते.

आता इंजिनापाशी का अडले ते सांगतो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. गाडी रोज वापरायची नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. हे सगळे ठीक. पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. त्याआधी २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही, असे बजावले होते. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. मात्र ज्या फेरफारामुळे गाडी भंगारात गेली नाही, त्याच फेरफारामुळे ती आता वारसा ठरत नाही. मला हा हिशेब पटत नाही. देवळाचा जीर्णोद्धार पेशवाईत झाला म्हणून ते देऊळ जुने नाही, असे आपण म्हणत नाही.

नातवाने सहा सिलिंडरचे एक जुने इंजिन शोधून ठेवले होते. ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली होते.

“काका, हे उतरवून ते चढवायचं का? मग नंबर मिळेल,” तो मिस्त्रींना म्हणाला.

“चढवू की,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “पण फाउंडेशन परत कापावं लागंल. गिअर परत वर न्यावा लागंल. आणि ह्याचं काय करायचं? तुमच्या आज्जीला दवाखान्यात ह्यानंच नेलंवतं.”

“ते माहितेय हो काका.”

मग दोघेही गप्प झाले. नातवाने डॅशबोर्डातून जुने आरसी बुक काढले. इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’वर रेघ होती आणि बाजूला शाईने ‘डिझेल’ लिहिले होते. मी चष्मा वर करून पाहिले. शिक्का गोल होता एवढे कळत होते, आतली तारीख पार पुसली गेली होती.