पेटींतला अग्निबाण

दिवाळीच्या रात्रीं रिकाम्या बाटलींत उभा केलेला बाण आपल्यापैकीं बहुतेकांनीं उडविलेला असेल. वात पेटवावी, चार पावलें मागें सरावें, आणि सुर्रकन् वर जाणाऱ्या त्या ठिणगीकडे मान उंच करून पाहावें, एवढेंच आपलें काम. पुढें ती काडी कोणाच्या कौलांवर पडली याची चौकशी कोणी करीत नाहीं. श्रोतेहो, आज मी ज्या छंदाचा इतिहास सांगणार आहें, तो नेमका या चौकशीपासून सुरू होतो. वर गेलेला बाण धडपणें खालीं यावा आणि तोच पुन्हां उडवितां यावा, असा विचार ज्या दिवशीं एका मनुष्याच्या मनांत आला, त्या दिवशीं फटाक्यांच्या कुळांतून एक नवी शाखा फुटली. आज त्या शाखेंतले पुरुषभर उंचीचे अग्निबाण सुट्या भागांच्या पेटींतून विकत मिळतात, घरीं जुळविले जातात, आणि हजारों फूट उंच जाऊन छत्रीच्या आधारें परत येतात.

हा मनुष्य कोणी शास्त्रज्ञ नव्हता. अमेरिकेंत नेब्रास्का राज्यांत नॉरफोक नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथें ऑरव्हिल कार्लाइल याचें जोड्यांचें दुकान होतें. शोभेच्या दारूचा त्याला नाद होता, आणि त्या कामाचा रीतसर परवानाहि त्याच्यापाशीं होता. त्याचा भाऊ रॉबर्ट याला विमानांच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद. अग्निबाणाच्या तत्त्वावर चार लोकांपुढें बोलतांना प्रत्यक्ष उडवून दाखवितां येईल असें कांहीं तरी रॉबर्टला हवें होतें. १९५४ सालीं दोघां भावांचे हे दोन छंद एकत्र आले. कागदाची हलकी नळी, मागें बाल्सा लाकडाचे पातळ पंख, पुढें टोपी, आणि पोटांत घडी घालून ठेवलेली छत्री, असा त्यांनीं तयार केलेला अग्निबाण होता.

परंतु त्यांतली खरी युक्ति होती ती अंगठ्याएवढ्या इंजिनांत. जाड कागदाच्या नळींत तळाशीं मातीचें अरुंद तोंड. त्यावर दाबून बसविलेली काळी दारू. त्यावर सावकाश जळणारा एक थर. आणि सर्वांत वर चिमूटभर मोकळी दारू. पहिला थर जळतो तेव्हां बाण वर उसळतो. दुसरा थर जळत असतां बाण केवळ आपल्या वेगानें चढत राहतो, आणि वेग सरून तो माथ्यावर क्षणभर रेंगाळतो न रेंगाळतो तोंच तिसरी चिमूट पेटून टोपी उडविते व छत्री बाहेर ढकलते. जळलेली नळी काढून टाकावी, नवी बसवावी, कीं बाण पुन्हां तयार. म्हणजे आग एका बाजूला आणि बाण दुसऱ्या बाजूला, अशी ही वांटणी होती. या कल्पनेचें पेटंट कार्लाइलला १९५८ सालीं मिळालें.

ही वांटणी किती मोलाची होती, हें समजण्यास त्या काळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. अग्निबाणांचें वेड अमेरिकेंतील मुलांत पसरत होतें. हीं मुलें तळघरांत व गॅरेजांत बसून जस्ताची पूड, गंधक, आगपेटीच्या काड्यांचीं टोकें असल्या पदार्थांचीं मिश्रणें लोखंडी नळींत ठासून भरीत. अशी नळी आकाशांत गेली तर अग्निबाण, आणि जागच्या जागीं फुटली तर बाँब! ती फुटे तेव्हां कोणाचीं बोटें जात, कोणाचे डोळे जात, आणि क्वचित् जीवहि जाई. न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स या लष्करी प्रयोगक्षेत्रावर काम करणारा जी. हॅरी स्टाइन नांवाचा एक तरुण ही गोष्ट जाणून होता. १९५७ च्या आरंभीं त्यानें एका मासिकांत एक लेख लिहिला. अग्निबाणांचें काम हा जगांतील सर्वांत सुरक्षित धंदा आहे, असें त्याचें शीर्षकच होतें. प्रयोगक्षेत्रावर अपघात टळतात ते तेथील माणसें दैवावर भरंवसा ठेवीत नाहींत म्हणून, असा त्याचा सांगण्याचा रोख होता.

हा लेख नॉरफोकच्या त्या जोड्यांच्या दुकानांत वाचला गेला. कार्लाइलनें स्टाइनला पत्र लिहिलें आणि आपले नमुने पाठवून दिले. स्टाइननें ते उडवून पाहिले, आणि मुलांना ज्याची गरज होती तें हेंच, अशी त्याची खात्री पटली. त्याच वर्षीं त्यानें डेन्व्हर शहरांत मॉडेल मिसाइल्स ही कंपनी काढली, आणि हा छंद करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्थाहि स्थापन केली. तोंच ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियाचा स्पुटनिक आकाशांत फिरूं लागला, आणि अमेरिकेंतील घराघरांत मुलांना अग्निबाणाखेरीज दुसरें कांहीं सुचेनासें झालें. मागणी इतकी वाढली कीं, हातानें इंजिनें भरून तिला पुरें पडणें शक्य नव्हतें. हें काम कोलोराडोंतील व्हर्न एस्टेस यानें अंगावर घेतलें. त्याच्या घरीं शोभेच्या दारूचा व्यवसाय होता. दाबलेल्या हवेवर चालणारें एक यंत्र त्यानें बांधलें. त्याला तो लाडानें 'मेबल' म्हणत असे. हें यंत्र दर साडेपांच सेकंदांस एक इंजिन तयार करी. स्टाइनची कंपनी पुढें बुडाली. परंतु एस्टेसनें टपालानें पेट्या विकण्याचा धंदा चालविला, १९६१ सालीं पेनरोज या गांवीं कारखाना नेला, आणि हा छंद देशभर पोंचविला.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाहीं. इंजिन आयतें मिळूं लागलें तर मुलानें शिकावयाचें काय राहिलें? वेस्ट व्हर्जिनियांतील कोलवुड या कोळशाच्या खाणीच्या गांवीं होमर हिकॅम आणि त्याचे सोबती याच काळांत स्वतः दारू भरून बाण करीत होते. पहिल्याच प्रयोगांत त्यांनीं आईच्या बागेचें कुंपण उडविलें. पण चिकाटी धरून १९६० सालीं त्यांनीं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळविलें, आणि हिकॅम पुढें अमेरिकेच्या अंतराळ संस्थेंत इंजिनियर झाला. त्यांना जाणत्या माणसांची मदत मिळाली व दैवानेंहि हात दिला. ज्यांना यांपैकीं एकहि लाभलें नाहीं, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नसतात.

शिवाय आग काढून घेतली तरी शास्त्र उरतें, आणि तें थोडें नाहीं. बाण सरळ कां जातो? त्याचा गुरुत्वमध्य पुढें असावा, आणि वाऱ्याचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो बिंदु मागें असावा. दोहोंत निदान नळीच्या व्यासाइतकें अंतर ठेवावें. हें उलटें झालें कीं बाण हवेंत कोलांट्या खातो. तो दाबबिंदु कोठें येईल हें कागदावर गणित करून काढण्याची रीत जेम्स बॅरोमन या इंजिनियरानें १९६६ सालीं छांदिष्टांच्या मेळाव्यांत मांडली. ती आजहि चालते. शाळेंतल्या मुलाला आपल्या खेळण्यासाठीं समीकरण सोडवावेंसें वाटावें, हें कांहीं लहान फळ नव्हे.

परंतु मुलें मोठीं होतात आणि छंदहि त्यांच्याबरोबर मोठा होतो. इंजिनांचें बळ अक्षरांनीं मोजतात. 'ए' वर्गाचें बळ अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, आणि पुढील प्रत्येक अक्षराला तें दुप्पट. 'जी' पाशीं तें १६० होतें. तेथवर खेळ. त्यापलीकडे काळी दारू पुरी पडत नाहीं. तेथें अमोनियम परक्लोरेट व ॲल्युमिनियमची पूड हीं रबरांत कालवून केलेलें इंधन वापरतात; मोठ्या लष्करी अग्निबाणांत असतें त्याच जातीचें. १९७० नंतरच्या दशकांत हें इंधन छांदिष्टांच्या हातीं आलें, आणि जुन्या संस्थेचे नियम त्यांना तोकडे पडूं लागले. १९८२ सालीं ओहायो राज्यांत मेडिना येथें कांहीं मंडळींनीं एक मेळावा भरविला, आणि थट्टेनें त्याला 'मोठीं व धोक्याचीं अग्निबाण-जहाजें' असें नांव दिलें. नांव थट्टेचें असलें तरी प्रश्न खरा होता. सुरक्षिततेच्या पायावर उभारलेल्या छंदांत धोक्याला जागा कशी द्यावयाची?

तिचें उत्तर असें निघालें कीं, बळ वाढेल तसा अधिकारहि मिळवावा लागेल. 'एच' आणि 'आय' या वर्गांसाठीं पहिली पायरी: स्वतः जुळविलेला बाण जाणत्या परीक्षकांसमोर उडवून धड परत आणून दाखवावा. 'जे' पासून 'एल' पर्यंत दुसरी पायरी. तीस लेखी परीक्षाहि आहे. 'एम' आणि त्यापुढें तिसरी. तेथें बांधणीचा सर्व तपशील आधींच तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. बाण कितीहि उंच गेला तरी छत्री उघडली नाहीं तर उमेदवार नापास. नॉरफोकच्या दुकानदाराची ती जुनी चौकशीच येथें परीक्षा होऊन बसली आहे.

अशी एखादी मोठी पेटी घरीं येते तेव्हां काय होतें तें पाहूं. आंत चार इंच व्यासाची जाड पुठ्ठ्याची किंवा कांचतंतूंची नळी, टोकदार शिरोभाग, प्लायवूडचे पंख व कडीं, आणि आंतली एक लहान नळी, जींत इंजिन बसावयाचें. पंख बाहेरून नुसते चिकटवून भागत नाहीं. मोठ्या नळीला चिरा पाडून ते आंतल्या नळीपर्यंत न्यावे लागतात, आणि प्रत्येक सांध्यास एपॉक्सीचा लेप देऊन बोटानें गोलाई आणावी लागते. एक बाजू वाळल्याशिवाय दुसरीस हात लावतां येत नाहीं. म्हणून एका संध्याकाळचें वाटणारें काम आठवडे घेतें. शिरोभाग आणि नळी यांस जोडणारा दोर सैल राहिला, तर वर्षभराची मेहनत दोन तुकड्यांनीं जमिनीवर येते. मोठ्या बाणांत हवेचा दाब मोजणारें एक लहानसें विद्युत्-उपकरण असतें. तें माथ्यावर लहान छत्री सोडतें आणि जमीन जवळ आल्यावर मोठी, म्हणजे बाण वाऱ्याबरोबर कोसभर भरकटत नाहीं.

उड्डाणाच्या दिवशीं मोकळ्या रानांत एक अधिकारी प्रत्येक बाण हातांत घेऊन तपासतो. पंख हलवून पाहतो, दोर ओढून पाहतो, गुरुत्वमध्य कोठें आहे तें विचारतो. त्यानें नाहीं म्हटलें कीं नाहीं. वाऱ्याचा वेग ताशीं वीस मैलांहून अधिक असला तरीहि नाहीं. नंतर बाण उभ्या रुळावर चढवितात, आणि माणसें मागें सरतात: 'जे' वर्गापर्यंत निदान शंभर फूट, 'एम' साठीं पांचशें. वात नाहींच, विजेच्या तारेनें पेटवावयाचें. पांच अंक उलटे मोजले जातात, आणि त्या पांच अंकांत मालकाचें सारें लक्ष आपण कोणता सांधा विसरलों याकडेच असतें!

या छंदाची सर्वांत मोठी परीक्षा रानांत झाली नाहीं; ती न्यायालयांत झाली. मद्य, तंबाखू, शस्त्रें आणि स्फोटकें यांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या मध्यवर्ती खात्यानें मोठ्या इंजिनांतील इंधन स्फोटकांच्या यादींत धरलें होतें. २००० सालीं छांदिष्टांच्या दोन राष्ट्रीय संस्थांनीं त्याविरुद्ध फिर्याद केली. हा पदार्थ जळतो, फुटत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. नऊ वर्षें वाद चालला. २००६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें खात्याचा पुरावा अपुरा ठरवून प्रकरण परत पाठविलें, आणि मार्च २००९ मध्यें निकाल छांदिष्टांच्या बाजूनें लागला. पुढच्याच महिन्यांत, २५ एप्रिल रोजीं, मेरीलंडमधील एका शेतावरून चंद्राकडे गेलेल्या सॅटर्न-पांच या अग्निबाणाची एक-दशांश प्रतिकृति उडाली. उंची ३६ फूट, वजन १६०० पौंडांहून अधिक. ती ओहायोंतील एका मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिरानें स्वतः बांधली होती. चार हजार फुटांच्या वर चढून ती छत्र्यांच्या आधारें सावकाश खालीं आली.

श्रोतेहो, आगीस मुलांपासून दूर ठेवावें हें शहाणपण खरें. परंतु जें दूर ठेवलें जातें त्याची ओढ जात नाहीं. ती तळघरांत जाऊन बसते. कार्लाइलनें मुलांना आग नाकारली नाहीं, ती तशीच त्यांच्या हवालींहि केली नाहीं. तिचा धोक्याचा भाग त्यानें एका नळींत बंद केला आणि बाकी सर्व त्यांच्या हातीं सोंपविलें. पुढें जे अधिक मागूं लागले, त्यांना पायरीपायरीनें तेंहि मिळालें. अट एकच, वर पाठविलें तें खालीं धड आणावयाचें. येत्या दिवाळींत आपल्या अंगणांतून बाण वर जाईल, तेव्हां तो कोठें उतरला एवढी चौकशी आपण आपल्या मुलांसह एकदां करून पाहावी.