मंडेलांनी जुन्या राजवटीचा सेनापती का ठेवला?

१० मे १९९४ रोजी प्रिटोरियातल्या युनियन बिल्डिंग्जमध्ये नेल्सन मंडेला यांनी दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. डोक्यावरून लष्करी विमाने सलामी देत गेली. गणवेशातल्या गोऱ्या जनरलांनी मंडेलांना सॅल्यूट केला. याच सैन्याने नामिबिया आणि अंगोलात काळ्यांच्या मुक्तिलढ्याविरुद्ध युद्ध केले होते. याच सैन्याच्या चिलखती गाड्या काळ्यांच्या वस्त्यांमधून फिरत होत्या. त्या दिवशी या सैन्याचे प्रमुख होते जनरल गेऑर्ग मेरिंग. नोव्हेंबर १९९३ मध्ये गोऱ्या राजवटीचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी त्यांना नेमले होते. मंडेलांनी त्यांना काढले नाही. नव्या लोकशाही देशाच्या संरक्षण दलाचे पहिले प्रमुखही मेरिंगच झाले आणि १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले.

आपल्या तरुणांच्या चर्चेत हा विषय निघाला की दोन उत्तरे येतात. एक म्हणजे, मंडेला गोऱ्यांशी तडजोड करून बसले. दुसरे, मंडेलांचे मन केवढे मोठे! पहिल्या उत्तरात राग आहे, दुसऱ्यात भक्ती. आमच्या मते दोन्ही उत्तरांत राजकारण समजून घेण्याची तयारी नाही. सत्तेवर आलेल्या शोषित समाजाने जुन्या यंत्रणेचे काय करायचे, हा भावनेचा प्रश्न नाही. म्हणून हा इतिहास नीट बघू या.

निवडणूक जिंकली, सैन्य जिंकले नव्हते

एप्रिल १९९४ च्या निवडणुकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ४०० पैकी २५२ जागा मिळाल्या. पण हा विजय मतपेटीतला होता, रणांगणातला नव्हता. 'उमखोन्तो वी सिझ्वे' ही सशस्त्र संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख खुद्द मंडेला होते. तिने तीस वर्षे लढा दिला, पण गोऱ्या सैन्याचा पराभव ती करू शकली नाही. गोरी राजवटही जनतेचा उठाव मोडू शकली नाही. दोन्ही बाजू थकून टेबलावर आल्या होत्या.

त्यात धोका साधा नव्हता. सैन्याचे माजी प्रमुख जनरल कॉन्स्टँड फिल्युन १९९३ मध्ये उजव्या आफ्रिकानेर गटांचे नेतृत्व करत होते आणि माजी सैनिक त्यांच्या मागे होते. सैन्यातले किती जण त्यांच्याकडे जातील हे कोणालाच ठाऊक नव्हते. मार्च १९९४ मध्ये बोफुथात्स्वाना या बंटुस्तानात उठाव झाला आणि तिथल्या हुकूमशहाला वाचवायला सशस्त्र गोरे उजवे घुसले. तेव्हा मेरिंग यांच्या सैन्याने त्यांची बाजू घेतली नाही. ते बंटुस्तान कोसळले. फिल्युन यांनी बंदुकीचा मार्ग सोडून निवडणूक लढवायचे ठरवले.

म्हणजे मेरिंग लोकशाहीवादी होते असे नाही. सैन्याच्या बळावर देश ताब्यात घेता येईल, पण दुसऱ्या दिवशी तो चालवणार कसा, एवढा हिशेब त्यांना कळत होता. मंडेलांना त्या क्षणी नेमका असा हिशेबी माणूस हवा होता. प्रमुखाला हटवले असते तर त्याच्या हाताखालचे हजारो बंदूकधारी अधिकारी कोणाचे ऐकणार होते?

या तडजोडीला वैचारिक रूप दिले ते कम्युनिस्ट पक्षाचे जो स्लोवो यांनी. १९९२ मध्ये त्यांनी मांडले की काही वर्षांपुरते संयुक्त सरकार असावे आणि जुन्या नोकरशाहीच्या नोकऱ्या व निवृत्तिवेतनाला हमी द्यावी. ही हमी मुदतीची होती. सूर्य मावळतो तशी ती एक दिवस मावळणार होती. 'मुदत' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येईल.

ठेवले, पण मोकळे सोडले नाही

मेरिंग खुर्चीवर राहिले, पण त्यांच्या वर, बाजूला आणि खाली काय बदलले ते पाहा.

वर संरक्षणमंत्री म्हणून जो मोडिसे आले. ते अनेक वर्षे उमखोन्तो वी सिझ्वेचे सेनापती होते. उपमंत्री झाले रॉनी कासरिल्स, याच संघटनेच्या गुप्तवार्ता विभागाचे जुने प्रमुख. काल ज्यांना शोधून मारायचे आदेश होते, त्यांच्यासमोर आज जनरलला फाइल घेऊन उभे राहायचे होते.

बाजूला नागरी संरक्षण सचिवालय उभे केले. त्याचे सचिव झाले पिएर स्टेन. स्टेन स्वतः जुन्या सैन्यातले लेफ्टनंट जनरल. १९९२ मध्ये सैन्याच्या काळ्या कारवायांची चौकशी त्यांनीच केली होती आणि त्यानंतर डी क्लर्क यांना २३ अधिकाऱ्यांना निवृत्त करणे किंवा रजेवर पाठवणे भाग पडले होते. आतली घाण ज्याने पाहिली, तोच माणूस हिशेब तपासायला बसवला.

खाली सात वेगवेगळ्या दलांचे एकत्रीकरण सुरू झाले: जुने सैन्य, दोन मुक्तिसेना आणि चार बंटुस्तानांची सैन्ये. मुक्तिसेनेचे सिफिवे न्यांडा वरच्या हुद्द्यावर आले. त्यांचा भाऊ झ्वेलाखे याला १९८३ मध्ये स्वाझीलँडमध्ये गोऱ्या राजवटीच्या मारेकऱ्यांनी ठार केले होते. पुढच्या सेनाप्रमुखाची तयारी आताच्या सेनाप्रमुखाच्या डोळ्यांसमोर चालू होती.

याशिवाय १९९६ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला सर्वोच्च सेनापती ठरवले. लष्करी प्रमुख नेमण्याचा अधिकार त्याचा आणि संरक्षण खात्याला नागरी सचिवालय हवेच, असे घटनेतच लिहिले.

१९९८ ची परीक्षा

या मांडणीची खरी कसोटी चार वर्षांनी लागली. ५ फेब्रुवारी १९९८ रोजी मेरिंग यांनी थेट मंडेलांच्या हाती एक गुप्त अहवाल दिला. सरकार उलथवण्याचा कट शिजतोय, असा त्यातला दावा. कटवाल्यांच्या यादीत विनी मंडेला, बंटू होलोमिसा आणि सिफिवे न्यांडा यांची नावे! न्यांडा तेव्हा उपप्रमुख होते आणि पुढचे प्रमुख म्हणून त्यांच्याकडेच पाहिले जात होते.

मित्रांनो, हा डाव आपल्या ओळखीचा आहे. शोषितांमधला माणूस वर येऊ लागला की त्याच्या निष्ठेवर संशय निर्माण करायचा. त्याची गुणवत्ता खोडता आली नाही तर त्याचा हेतू खोडायचा.

मंडेलांनी काय केले? अहवाल फाडला नाही, त्यावर विश्वासही ठेवला नाही. मुख्य न्यायाधीश इस्माईल महोमद यांच्या नेतृत्वाखाली न्यायालयीन चौकशी नेमली. हे महोमद कोण? भारतीय वंशाचे, देशाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य न्यायाधीश. वकिलीच्या काळात ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयात ते युक्तिवाद करत, पण त्या प्रांतात भारतीयांना रात्री मुक्कामाची बंदी असल्याने त्यांना संध्याकाळी तिथून बाहेर पडावे लागे. बडोद्यात उच्चशिक्षित बाबासाहेबांना डोके टेकायला जागा मिळाली नव्हती, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चौकशीत अहवाल निराधार ठरला. एप्रिल १९९८ मध्ये मेरिंग यांनी मुदतपूर्व निवृत्ती मागितली. ना रणगाडे बाहेर आले, ना बराकीत बंड झाले. काही आठवड्यांत न्यांडा दक्षिण आफ्रिकेच्या संरक्षण दलाचे पहिले काळे प्रमुख झाले. १९९४ मध्ये ज्या माणसाला हटवणे जवळपास अशक्य होते, त्याला १९९८ मध्ये एका चौकशीच्या बळावर घरी पाठवता आले. मधल्या चार वर्षांत काय कमावले, याचे उत्तर इथे आहे.

चिलीत उलटे घडले

हीच गोष्ट चिलीशी ताडून पाहा. ११ मार्च १९९० रोजी पॅट्रिसियो आयल्विन लोकांनी निवडलेले राष्ट्राध्यक्ष झाले, पण हुकूमशहा पिनोशे लष्करप्रमुखपदी कायम राहिला. आयल्विन यांनी त्याला ठेवले नव्हते. पिनोशेच्या १९८० च्या घटनेनेच त्याची खुर्ची पक्की केली होती आणि राष्ट्राध्यक्षाला त्याला काढता येत नव्हते. डिसेंबर १९९० मध्ये आणि पुन्हा मे १९९३ मध्ये त्याच्या मुलाच्या आर्थिक व्यवहारांची चौकशी पुढे सरकू लागली, तेव्हा सैन्याने शक्तिप्रदर्शन करून सरकारला धमकावले. मार्च १९९८ पर्यंत तो पदावर राहिला आणि तिथून थेट तहहयात सिनेटर झाला.

मेरिंग आणि पिनोशे दोघेही १९९८ मध्येच गेले. पण एक राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर होता, दुसऱ्याच्या मर्जीवर राष्ट्राध्यक्ष होता. फरक माणसाच्या स्वभावाचा नव्हे, काढण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे याचा आहे.

किंमत कोणी मोजली?

इथे थांबलो तर आम्हीही भक्तांच्याच रांगेत बसू. या तडजोडीची किंमत होती आणि ती खालच्या माणसाने मोजली.

एकत्रीकरण जुन्या सैन्याच्या मोजपट्टीवर झाले. ज्यांचे शिक्षण बंटू शिक्षणाच्या निकृष्ट शाळांत किंवा परागंदा अवस्थेत झाले, त्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांच्या निकषांवर पात्रता सिद्ध करावी लागली. ज्यांनी शाळा नाकारली, तेच आता दाखला मागत होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रिटोरियाजवळच्या वॉल्मन्स्थल तळावर मुक्तिसैनिकांनी पगार, राहणीमान आणि वर्णद्वेषी वागणुकीविरुद्ध असंतोष व्यक्त केला. हजारो जण तळ सोडून गेले. मंडेलांनी स्वतः जाऊन त्यांना परतण्याची मुदत दिली. न परतलेल्या सुमारे दोन हजार जणांना काढून टाकण्यात आले. जनरल राहिला, शिपाई गेला. हे वाक्य लिहिताना आम्हाला त्रास होतो, पण ते लिहिलेच पाहिजे.

न्यायही अर्धवट राहिला. १९८७ च्या क्वामाखुथा हत्याकांडात १३ माणसे मारली गेली, बहुतेक स्त्रिया आणि मुले. या खटल्यात माजी संरक्षणमंत्री मॅग्नस मलान १९९६ मध्ये निर्दोष सुटले. सुरक्षा यंत्रणांनी सत्तांतरापूर्वी टनावारी कागदपत्रे नष्ट केल्याचे सत्य व सलोखा आयोगाने नोंदवले आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये ब्लूमफाँटेनच्या टेम्पे तळावर एका माजी मुक्तिसैनिक अधिकाऱ्याने गोळीबार करून अनेक गोऱ्यांचा जीव घेतला. त्या हत्येचे समर्थन कोणीही करू नये, आम्ही तर बुद्धाच्या मार्गावरचे आहोत. पण त्यानंतर सैन्यातल्या वर्णद्वेषाची चौकशी करावी लागली, हेही खरे. प्रमुख बदलून वर्ष उलटले होते, बराक बदलली नव्हती.

शिवाय आपला माणूस खुर्चीवर आला म्हणजे सगळे शुद्ध झाले, असेही नाही. मोडिसे यांच्याच काळात आखलेल्या सुमारे ३० अब्ज रँडच्या शस्त्रखरेदीवर भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप झाले. जनतेला घर आणि पाणी हवे असताना पैसा लढाऊ विमाने आणि पाणबुड्यांवर गेला. वर्ण किंवा जात हे प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र नसते.

आपण यातून काय घ्यायचे?

भारतानेही असा निर्णय घेतला होता. स्वतंत्र भारताचे पहिले दोन लष्करप्रमुख, लॉकहार्ट आणि बुचर, इंग्रज होते. करिअप्पा आले १५ जानेवारी १९४९ रोजी. इंग्रजांच्या आयसीएस अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना तर घटनेच्या कलम ३१४ मध्ये हमी मिळाली, ती १९७२ मध्ये निघाली. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की घटनेचा शब्दही न बदलता, केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून घटना निष्फळ करता येते. कागदावरची सत्ता आणि कारभारातली सत्ता यांतले अंतर त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. गावात राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंच ताईंना दप्तर कोणाच्या कपाटात आहे हे विचारा, म्हणजे हे अंतर किती आहे ते कळेल.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: जुना माणूस ठेवला यावरून कोणाला गद्दार ठरवू नका आणि महात्माही करू नका. चार प्रश्न विचारा. त्याला काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे? त्याला दिलेल्या हमीची मुदत कधी संपते? त्याच्या जागी बसणारा आपला माणूस आज कुठे तयार होतो आहे? आणि या तडजोडीची किंमत वरचे मोजत आहेत की खालचे?

मंडेलांचा निर्णय पहिल्या तीन प्रश्नांवर टिकतो. चौथ्यावर टिकत नाही. वॉल्मन्स्थलहून घरी गेलेल्या त्या शिपायांचे देणे अजून बाकी आहे. उद्या आपल्या हाती सत्ता येईल तेव्हा पहिले तीन धडे मंडेलांकडून घ्यावेत, आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापेक्षा चांगले द्यावे. त्याची तयारी सत्ता आल्यावर करता येत नाही. आज जी मुले स्पर्धा परीक्षेला बसत आहेत, जी कायदा शिकत आहेत, जी ग्रामपंचायतीचे दप्तर वाचायला शिकत आहेत, तीच ही तयारी आहे.

जय भीम!