भोपाळ (समूह-सहल व खाद्यभ्रमंती)

भोपाळ : मध्य प्रदेश राज्याची राजधानी. लोकसंख्या १७,९८,२१८ (२०११). माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मी. उंचीवर टेकड्या आणि तलावांच्या आधाराने वसलेले शहर. मुंबईहून लोहमार्गाने सुमारे ८४० किमी., नागपूरहून सुमारे ३९० किमी. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी पंजाब मेल दुसऱ्या दिवशी सकाळी येथे पोहोचते. पुण्याहून झेलम एक्सप्रेस भोपाळवरून जाते. नागपूरहून साधारण सहा तासांचा रेल्वेप्रवास. शनिवार-रविवार जोडून आठ-दहा जणांनी मिळून खाण्यापिण्यासाठी व पाहण्यासाठी जावे असे हे शहर आहे, आणि महाराष्ट्रातून ते वाटते त्याहून जवळ आहे. प्रस्तुत नोंद अशा दोन दिवसांच्या बेताच्या दृष्टीने केली आहे.

बेत आखताना बहुतेक गटांची गाडी एकाच ठिकाणी अडते. साँची, भीमबेटका, भोजपूर, उदयगिरी आणि सगळे शहर असे सर्व काही दोन दिवसांत बसवायचा आग्रह धरला जातो. साँची भोपाळच्या ईशान्येला सुमारे ४६ किमी., तर भीमबेटका दक्षिणेला सुमारे ४५ किमी. दोन्ही दिशा गाठायच्या म्हटले तर दिवसातला मोठा वेळ गाडीत जातो आणि शहर फक्त काचेतून दिसते. म्हणून एक दिवस शहराला, एक दिवस बाहेरच्या एकाच दिशेला आणि रात्र जुन्या शहराला, ही वाटणी सर्वांत फलदायी. राहिलेली दिशा पुढच्या खेपेसाठी ठेवावी.

मराठी प्रवाशाला हा मुलूख परका नाही. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्काला भोपाळपाशी कोंडले, त्याची रसद तोडली आणि ७ जानेवारी १७३८ रोजी शहराच्या वायव्येस असलेल्या दोराहा येथे तह झाला. माळवा मराठ्यांकडे आला तो या तहाने. शिवाय ५० लाख रुपये खंडणीचे कलम होते. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला, पण वजीर मुहम्मद खानाने शहर पडू दिले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले तेव्हा नागपूरचा राजधानीचा मान गेला आणि सचिवालयातली अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीबरोबर भोपाळला आली. ग्वाल्हेर-इंदूरकडचे मराठी लोकही या राजधानीत आले. नव्या शहराच्या मध्यवर्ती वस्तीचे नाव तात्या टोपे नगर आहे. रोजच्या बोलण्यात ते टी. टी. नगर. पूर्वीच्या मिंटो हॉलला आता धारच्या कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव आहे.

शहराचा पाया मात्र त्याहून जुना आहे. मोठा तलाव म्हणजे भोजताल. तो अकराव्या शतकातील परमार राजा भोजाने कोलांस नदी अडवून बांधला असे परंपरा सांगते. त्याचे क्षेत्र सुमारे ३१ चौ. किमी. असून आजही शहराच्या मोठ्या भागाला त्याचे पाणी मिळते. मातीचा तो जुना बांध हल्ली कमला पार्कजवळच्या रस्त्याखाली आहे. एका बाजूला मोठा तलाव, दुसऱ्या बाजूला छोटा, आणि मधून चाललेली रहदारी ज्या उंचवट्यावर आहे तोच तो बांध, हे पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा माणूस थबकतो. छोटा तलाव १७९४ मधला. दोन्ही मिळून भोज पाणथळ क्षेत्र होते आणि २००२ पासून ते रामसर यादीत आहे. पावसाळ्यात मोठा तलाव भरला की भदभदा येथील धरणाचे दरवाजे उघडतात आणि ते पाहायला निम्मे शहर लोटते.

आजचे जुने शहर अफगाण सरदार दोस्त मुहम्मद खानाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे केले. त्याआधी येथे गोंडांची सत्ता होती. राणी कमलापतीची आठवण तलावकाठच्या महालात आणि २०२१ मध्ये नाव बदललेल्या रेल्वे स्थानकात (पूर्वीचे हबीबगंज) राहिली आहे. पण भोपाळला भोपाळ केले ते बेगमांनी. १८१९ ते १९२६ या काळात कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान अशा चार स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या हे संस्थान चालवले. जगाच्या इतिहासातही असे उदाहरण विरळा. कुदसिया बेगमेची जामा मशीद (१८५७ मध्ये पूर्ण) चौकाच्या मधोमध आहे आणि तिच्या मिनारांवर सोनेरी कळस आहेत. सिकंदर बेगमेची मोती मशीद (१८६०) तिथून चालत जाण्याइतकी जवळ. शाहजहान बेगमेने आरंभलेली ताज-उल-मसाजिद तिच्या निधनानंतर पैशाअभावी अर्धवट राहिली. १९७१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि १९८५ मध्ये ती पुरी झाली. गुलाबी मिनार, तीन पांढरे घुमट आणि शेजारचा मोतिया तलाव सकाळच्या उन्हात पाहावेत. कुदसियाचा गौहर महाल तलावाकाठी आहे आणि तिथे अनेकदा हस्तकलांची प्रदर्शने भरतात. शौकत महाल आणि सदर मंझिल वाटेत बाहेरून पाहिले तरी चालतील.

शनिवारी सकाळी उतरल्यावर पहिले काम न्याहारीचे. पोहे-जलेबी ही येथील रोजची न्याहारी. हे पोहे आपल्या कांदेपोह्यांसारखे परतून लगेच वाढलेले नसतात. मोठ्या परातीत उकळत्या पाण्याच्या वाफेवर ते तासन्‌तास गरम ठेवतात, म्हणून ते मऊ, ओलसर लागतात. चव किंचित गोड, त्यात बडीशेप, आणि वरून बारीक शेव, कच्चा कांदा, लिंबू. सोबतची जलेबी कढईतून निघालेली असावी. पोह्यांचा एक घास आणि जलेबीचा एक तुकडा असे आलटून पालटून खाल्ले तरच ही जोडी जमते. हे सकाळी लवकर खावे. उशीर झाला तर परात संपते.

शहराचा दिवस श्यामला टेकडीला द्यावा. येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय सुमारे २०० एकरांवर पसरले असून देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरे त्या त्या जमातीच्या लोकांनी येऊन प्रत्यक्ष बांधली आहेत. त्याच्याजवळ असलेले जनजातीय संग्रहालय (२०१३) रेवती कामथ यांच्या आराखड्याचे. गोंड, भील, कोरकू, बैगा, सहरिया, कोल आणि भारिया यांचे जग तिथे काचेच्या पेटीत न ठेवता भिंती, छत, झाड, विहीर अशा रूपांत उभे केले आहे. मेळघाटातल्या कोरकूंना ओळखणाऱ्या विदर्भातल्या प्रवाशाला हे सर्वांत जवळचे वाटेल. एकच संग्रहालय पाहण्याइतका वेळ असेल तर हेच निवडावे. लहान मुले बरोबर असतील तर नक्कीच. लगतच भारत भवन आहे : १३ फेब्रुवारी १९८२ रोजी सुरू झालेले, चार्ल्स कोरिया यांनी टेकडीच्या उतारात पायऱ्यापायऱ्यांनी उतरवलेले. बाहेरून इमारत जवळजवळ दिसत नाही. अंगणातून खाली उतरत गेले की दालने लागतात आणि शेवटी तलाव. जगदीश स्वामिनाथन यांनी येथे शहरी आणि आदिवासी चित्रकारांना एकाच छताखाली आणले. मंडला भागातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांची चित्रे जगापुढे आली ती येथूनच. ब. व. कारंत यांनी येथील रंगमंडळ घडवले. जनजातीय संग्रहालय आणि भारत भवन दुपारनंतरची ठिकाणे आहेत आणि सोमवारी बंद असतात, म्हणून शनिवार-रविवार सोयीचा. सकाळचा मोकळा वेळ वनविहारात घालवता येतो : तलावाच्या कडेचे ४.४५ चौ. किमी.चे राष्ट्रीय उद्यान, जिथे भाड्याच्या सायकलीवरून फिरता येते.

अंधार पडल्यावर जुने शहर. गाडी बाहेर ठेवावी आणि रिक्षाने किंवा पायी आत जावे. इब्राहिमपुऱ्यातील चटोरी गल्ली ही मांसाहारी खवय्यांची जागा. शिगेवरचे कबाब, पाया, नहारी सगळीकडे मिळतात; भोपाळचे म्हणून खास दोन पदार्थ. रेजाला हा दही, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर घातलेला कोंबडीचा हिरवट रस्सा, बंगालातल्या पांढऱ्या रेजाल्याहून निराळा. फिलफोरा म्हणजे जाडसर कुटलेल्या मटणाचा, मिरे घातलेला कोरडा प्रकार. गटाचा खरा फायदा इथे : प्रत्येकाने वेगळे मागवून मधोमध ठेवले तर एका रात्रीत गल्लीचा मोठा भाग चाखून होतो, दोघांना हे जमणारे नाही. गटात शाकाहारी मंडळी असतील तर त्यांना या गल्लीत ताटकळत ठेवू नये. चौक आणि जुमेराती भागात कचोरी, मिठाई, मलईदार दूध यांची दुकाने आहेत. तिथे दोन गट करावेत आणि चहाला पुन्हा एकत्र यावे.

तो चहा मात्र कुणी चुकवू नये. नमकवाली चाय, म्हणजे इथली सुलेमानी, पितळी-तांब्याच्या मोठ्या भांड्यात संथ आचेवर तासन्‌तास शिजत असते. दुधाचा गुलाबीसर-तपकिरी रंग, साखरेबरोबर मिठाची कणी, आणि मागितली तर वरून सायीचा थर. पहिल्या घोटाला मीठ जाणवते, दुसऱ्याला फक्त गोडवा उठून दिसतो. कप लहान असतो आणि तो उभ्या उभ्या पितात. हा चहा पीत जुन्या वस्तीत दुकानांच्या आणि घरांच्या बाहेरच्या दगडी पटियांवर रात्री उशिरापर्यंत गप्पा, बुद्धिबळ, शेरोशायरी चालत आली. भोपाळचे लोक त्याला पटियेबाजी म्हणतात आणि एकमेकांना ‘खाँ’ म्हणून हाक मारतात. पटिये आता कमी झाले आहेत. जिथे आहेत तिथे बसायला जागा मिळाली तर बसावे. बोलणे आपोआप सुरू होते. रमजानात हा भाग पहाटेपर्यंत जागा असतो, पण दिवसा खाण्याची बरीच दुकाने बंद असतात, हे बेत करताना ध्यानात घ्यावे.

रविवार बाहेरच्या दिशेचा. दोहोंपैकी एक निवडायची तर मराठी गटाने प्रथम साँची निवडावी. महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद याच्या दानाचा लेख आहे. नाणेघाट आणि नाशिकच्या लेण्यांतून ओळखीचे झालेले सातवाहन इथे भेटतात. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी कोरीवकाम केल्याचाही लेख आहे, आणि तो वाचून झाल्यावर दगडातली ती बारीक नक्षी वेगळ्याच नजरेने पाहिली जाते. स्तूपाचा मूळ गाभा अशोककालीन; आजच्या स्तूपाचा व्यास ३६.६ मी. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी येथे जीर्णोद्धार केला आणि त्याला व संग्रहालयाला भोपाळच्या सुलतान जहान बेगमेने पैसा दिला. बौद्ध स्मारक मुस्लिम राणीच्या खजिन्यातून वाचले, ही गोष्ट साँचीच्या प्रत्येक मार्गदर्शकाने आवर्जून सांगायला हवी. १९८९ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. वेळ उरला तर विदिशेजवळच्या उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्यांतील वराह पाहून परतावे.

दक्षिणेची दिशा निवडणाऱ्यांनी आधी भोजपूर घ्यावे. येथील अपुरे राहिलेले शिवमंदिर, उंच पीठावरचे भव्य शिवलिंग, मागे दगड वर चढवण्यासाठी केलेला मातीचा उतार आणि भोवतालच्या खडकावर कोरून ठेवलेले बांधकामाचे आराखडे. मंदिर कसे बांधत ते इतके उघडे कुठे दिसत नाही. पुढे भीमबेटका. नीमचमध्ये जन्मलेले आणि उज्जैनमध्ये काम केलेले विष्णू श्रीधर वाकणकर यांना १९५७ मध्ये या टेकड्यांतील चित्रे सापडली. २००३ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झाले. स्पेनमधील आल्तामिराच्या चित्रगुहेत आज बहुतेक प्रवाशांना शेजारी उभारलेली प्रतिकृतीच पाहावी लागते. भीमबेटक्याला मूळ चित्राखाली आपण हातभर अंतरावर उभे राहतो. म्हणूनच हात लावू नये, फ्लॅश वापरू नये. दोन्ही दिशांना दुपारचे जेवण दाल-बाफल्याचे : बाफला आधी उकडून मग भाजतात, तुपात बुडवतात, सोबत वरण, कढी, लाडू. जड जेवण आहे. चढण असलेले ठिकाण त्यापूर्वी पाहून घ्यावे.

भोपाळचे नाव घेताना २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र वगळता येत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, कित्येक पिढ्यांना त्रास उरला. कारखान्यात उरलेला विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ उजाडले. कारखान्यासमोरच्या जे. पी. नगरात माय-लेकरांचे स्मारकशिल्प आहे. तिथे जायचे तर शांतपणे, छायाचित्रांचा सोस न धरता जावे. आसपास त्याच कुटुंबांची घरे आहेत.

ऑक्टोबर ते मार्च हा उत्तम काळ; जुलै-सप्टेंबरात तलाव भरलेले आणि टेकड्या हिरव्या असतात; मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इज्तिमा या मुस्लिम धार्मिक मेळाव्यासाठी देशोदेशींचे लोक येतात, तेव्हा खोल्या आणि रेल्वे तिकिटे दोन्ही अवघड होतात. उतरण्यासाठी न्यू मार्केट किंवा महाराणा प्रताप नगर सोयीचे, खर्चाला हरकत नसेल तर श्यामला टेकडीवरची जागा. शहराबाहेरच्या दिवसासाठी बारा-सतरा आसनी गाडी आदल्या संध्याकाळी ठरवावी. खरेदीला चौकात जरीकाम केलेले मखमली बटवे मिळतात. परतीची गाडी रात्रीची असेल तर साँचीहून आल्यावर या खरेदीसाठी पुरेसा वेळ राहतो.