मुक्कामांचा आराखडा : चौंडीची लेक आणि केदारखंडाची पायवाट

(१) हिमालयातल्या एखाद्या दुर्गम खोऱ्यात आठ-दहा दिवस पायी जायचे ठरले, की आजचा माणूस आधी बूट, तंबू आणि नकाशा पाहतो. अडीचशे वर्षांपूर्वी पाटोद्याच्या परिसरातून केदार-बद्रीला निघणारा माणूस आधी घराची निरवानिरव करी. देणी फेडी, जमिनीचे काय करायचे ते सांगून ठेवी, भावकीचा निरोप घेई. कारण परत येण्याची खात्री नसे. ही अनिश्चितता कमी कशी झाली आणि ती कमी करणाऱ्यांत पाटोद्याच्या शेजारच्या एका लेकीचा वाटा कोणता, याचा मागोवा या धाग्यात घेऊ.

(२) पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, सौताड्याचा प्रसिद्ध धबधबा याच तालुक्यात. पण हे पाणी पावसाळ्यापुरते. एरवी हा मुलूख पर्जन्यछायेतला, विहिरीच्या तळाकडे पाहत उन्हाळा काढणारा. सौताड्याच्या पुढे उतरले की जामखेड लागते आणि त्याच तालुक्यात, सीनेच्या काठी, चौंडी हे गाव आहे.

(३) आता त्या काळच्या यात्रेकरूचा हिशेब मांडून पाहू. पाटोदा ते हरिद्वार हे अंतर सरळ रेषेत मोजले, तरी बाराशे किलोमीटरांहून अधिक भरते. वाटेच्या वळणांनी ते दीड हजारांच्या घरात जाते. रोजची मजल वीस किलोमीटरांची धरली, तर चालण्याचेच पंचाहत्तर दिवस होतात. त्यात आजारपण, नद्यांचे उतार आणि वाटेतली तीर्थे मिळवली, की तीन महिने झाले. आणि हरिद्वार हा यात्रेचा शेवट नव्हे. पहाड तेथून पुढे सुरू होतो.

(४) केदारनाथची दारे वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला मिटतात. मधल्या काळात आषाढ-श्रावणाचा पाऊस दरडी खाली आणतो. म्हणजे खरा सुरक्षित काळ दोन तुकड्यांत विभागलेला : वैशाख-ज्येष्ठ आणि आश्विन. वैशाखात पहाड गाठायचा, तर बालाघाटावरून माघातच निघायला हवे. त्या वेळी रब्बीची ज्वारी अजून शेतात उभी असते. पहिला पेच असा घराच्या बांधावरच पडे.

(५) पहाडातली वाट ऋषिकेश, देवप्रयाग, श्रीनगर (हे गढवालचे) आणि रुद्रप्रयाग अशी जाई. रुद्रप्रयागला अलकनंदा सोडून मंदाकिनीच्या खोऱ्यात शिरायचे : अगस्त्यमुनी, गुप्तकाशी, गौरीकुंड आणि शेवटी केदारनाथ. ऋषिकेशची उंची सुमारे ३४० मीटर, तर केदारनाथची सुमारे ३,५८० मीटर. केदारहून ऊखीमठ, गोपेश्वर, जोशीमठ या मार्गाने बद्रीनाथ आणि मग परतीची वाट. हा सारा फेरा महिना-सव्वा महिन्याचा.

(६) या फेऱ्यात तीन गोष्टी माणसाचा जीव घेत : नदी, भूक आणि रात्र. नद्यांवर दोरांचे झुले असत. ऋषिकेशजवळचा लक्ष्मणझुलासुद्धा १८८९ साली लोखंडी दोरांचा पूल होईपर्यंत तागाच्या दोरांचाच होता. तो लोखंडी पूलही १९२४च्या पुरात गेला आणि नवा १९३० मध्ये खुला झाला. ज्या नदीने लोखंड नेले, तिच्यावर डोलणाऱ्या दोरांवरून पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू गेले.

(७) भुकेचा हिशेब याहून साधा आणि म्हणून अधिक कठोर. चालणाऱ्या माणसाला रोज पाऊण किलो धान्य लागते असे धरले, तर चाळीस दिवसांचे तीस किलो होते. इतके ओझे पाठीवर घेऊन चढ चढता येत नाही. हमाल घ्यावा, तर त्याच्याही पोटाचे न्यावे लागते. म्हणून हिमालयात दीर्घ पदयात्रा एकट्याच्या शिध्यावर होत नाही. वाटेवर कोठेतरी धान्य, सरपण आणि छप्पर आधीपासून असावे लागते.

(८) मराठी भाषेला हे चांगले ठाऊक आहे. आपण ‘मजल दरमजल’ म्हणतो. फौजेच्या हालचालींना ‘कूच-मुक्काम’ म्हणतो. चालणे आणि थांबणे हे दोन शब्द जोडीने येतात, कारण मुक्काम ठरल्याशिवाय मजल ठरत नाही. शिखर कितीही लांब असो, रात्री पाठ टेकायला जागा असेल तेवढेच अंतर त्या दिवशी खरे. प्रवासाचा आराखडा म्हणजे मुळात मुक्कामांचा आराखडा.

(९) आता चौंडीकडे वळू. ३१ मे १७२५ रोजी येथे माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांच्या त्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेला. त्यानंतर महेश्वर येथून त्यांनी १७९५ पर्यंत राज्यकारभार केला. काशीविश्वनाथाचे मंदिर आणि गयेचे विष्णुपद मंदिर ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. हिमालयातली कामे मात्र आपण बहुधा यादीच्या शेवटी वाचून सोडून देतो.

(१०) हा खर्च कोठून होई? होळकर घराण्यात ‘खासगी’ नावाची स्वतंत्र मिळकत होती. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ती सुरू झाली आणि पुढे अहिल्याबाईंच्या हाती आली. राज्याचा खजिना आणि ही खासगी हे दोन हिशेब वेगळे. देशभरच्या घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रांचा भार मुख्यतः या खासगीने उचलला. फौजेचा पैसा न तोडता शेकडो कोसांवरच्या वाटसरूची सोय होऊ शकली, ती या व्यवस्थेमुळे.

(११) जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अहिल्याबाईंच्या धर्मकार्याच्या ठिकाणांत तो हिमालयातल्या केदारनाथचे नाव घेतो. १८१८ साली तिकडे जाऊन आलेल्या एका अधिकाऱ्याकडून त्याला पहाडातल्या दगडी धर्मशाळेची आणि कुंडाची माहिती मिळाली होती. म्हणजे बाईंच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी ते बांधकाम उभे होते आणि तेथे त्यांचे नाव लोकांच्या तोंडी होते.

(१२) या गोष्टीचे मोल कळण्यासाठी एक बाब ध्यानात घ्यावी : गढवाल होळकरांच्या राज्यात नव्हते. तेथे श्रीनगरच्या राजांची सत्ता होती. परमुलखात, ज्या भूमीतून एक रुपयाचाही महसूल येणार नाही तेथे, बर्फ वितळल्यानंतरच्या मोजक्या महिन्यांत दगड चढवून इमारत उभी करायची, हे काम तलवारीच्या बळावर होणारे नव्हते. आणि इमारत बांधण्याहून ती चालवणे कठीण. माल्कम नोंदवतो की दूरच्या तीर्थस्थानांकडे दानधर्मासाठी दरवर्षी रक्कम जात असे. बांधून विसरून जाण्याची ही रीत नव्हती.

(१३) त्याच ग्रंथात आणखी एक तपशील येतो. महेश्वरच्या आसपास भर दुपारी नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून बाईंचे सेवक पाणी पाजीत. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाण्याची सोय असे. ज्याने दुष्काळी मुलखाचा उन्हाळा पाहिला आहे, त्याला या दोन ओळींचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वाटेवरचे पाणी हा तेथे जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. चौंडीच्या माळावर जे खरे, तेच मंदाकिनीच्या चढावर खरे होते.

(१४) धोका किती मोठा होता? १७८३ साली, बाईंच्या हयातीतच, हरिद्वारच्या मेळ्यात पटकीची साथ उसळली आणि आठवड्याभरात वीस हजारांवर माणसे दगावल्याची नोंद इंग्रजी कागदांत आहे. ११ मार्च १७९५ रोजी चौंडीच्याच तालुक्यात खर्ड्याची लढाई झाली. त्याच वर्षी १३ ऑगस्टला अहिल्याबाईंचे निधन झाले. १८०३ मध्ये गढवालला प्रचंड भूकंपाने हादरवले. १८०४ मध्ये गुरख्यांनी ते राज्य जिंकले आणि १८१५ मध्ये इंग्रज आले.

(१५) राज्ये बदलली, तरी पायवाट चालू राहिली. १८०८ साली वेब आणि रॅपर हे इंग्रज अधिकारी गंगेचा उगम शोधण्यासाठी या खोऱ्यांत गेले. ते हरिद्वारच्या कुंभाचे वर्ष होते. त्या हंगामात बद्रीनाथला गेलेल्या यात्रेकरूंचा अंदाज रॅपरने पंचेचाळीस ते पन्नास हजार असा दिला आहे. मोटार नाही, तार नाही, दवाखाना नाही. आणि तरीही पन्नास हजार माणसे. हे केवळ श्रद्धेच्या बळावर घडत नाही. श्रद्धेला छप्पर आणि शिधा लागतो.

(१६) एकोणिसाव्या शतकात ही सोय ‘चट्टी’ या नावाने विस्तारली. दर काही कोसांवर गवताने वा दगडी पाट्यांनी शाकारलेली पडवी, शेजारी झरा आणि एक दुकानदार. त्याच्याकडून पीठ-डाळ घेतली, की निवारा आणि स्वयंपाकाची भांडी फुकट मिळत. त्यामुळे यात्रेकरूला भांडी वाहावी लागत नसत. चालता न येणाऱ्यांसाठी पाठीवरची कंडी आणि खांद्यावरची दंडी असे. पुढे ‘काली कमलीवाले बाबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वामी विशुद्धानंदांच्या संस्थेने धर्मशाळा आणि सदावर्तांची मोठी साखळी उभी केली.

(१७) साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१२ साली स्वामी आनंद यांच्यासह हिमालयात पायी हिंडले आणि त्यावर त्यांनी गुजरातीत पुस्तक लिहिले; ते मराठीतही आले. चौंडीच्या पिढीपासून कालेलकरांच्या पिढीपर्यंत सव्वाशे-दीडशे वर्षे लोटली होती, पण पहाडात फिरण्याची रीत तीच होती : पाय, काठी आणि पुढचा मुक्काम.

(१८) या रीतीत एक गुण असा होता, की तो कोणी ठरवून घातला नसावा. ऋषिकेशहून केदारपर्यंत पायी जायला दोन आठवडे लागत. तेवढ्यात शरीर विरळ हवेला सरावे. आजचे वैद्यकशास्त्र सांगते, की तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची जागा रोज साधारण पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस घ्यावा. छोट्या मजलांनी ही शिस्त आपोआप पाळली जाई.

(१९) १९६२च्या युद्धानंतर सीमेकडचे रस्ते झपाट्याने झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस मोटार बद्रीनाथला पोचली. चट्ट्या ओस पडल्या. आता गौरीकुंडाहून निघालेला माणूस एका दिवसात सुमारे सोळाशे मीटर चढून केदारला झोपतो. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत उतरतो. अंतर कमी झाले, पण त्याबरोबर मधले मुक्कामही गेले आणि शरीराला मिळणारा अवधीही गेला.

(२०) १६ व १७ जून २०१३ रोजी अतिवृष्टी आणि चोराबारी सरोवर फुटल्याने मंदाकिनीने रौद्र रूप घेतले. रामबाडा हा मुक्काम नकाशावरून पुसला गेला. उत्तराखंडात हजारो माणसे गेली. रामबाड्यापुढची जुनी वाट तुटली, गरुडचट्टी एकाकी पडली आणि समोरच्या काठाने लिंचोलीमार्गे नवी वाट काढावी लागली. जेथे पूर्वी यात्रेकरू अनेक चट्ट्यांवर विखुरलेले असत, तेथे आता ते एका अरुंद खोऱ्यात, एका वेळी, प्रचंड संख्येने एकवटलेले असतात. आपत्तीची व्याप्ती पावसाइतकीच या गर्दीनेही ठरवली.

(२१) म्हणून आज पाटोद्याहून कोणी हिमालयातल्या खोऱ्याचा बेत आखत असेल, तर जुन्या वाटेने शिकवलेला क्रम उपयोगी पडेल. आधी महिना ठरवावा, पावसाळा टाळावा. मग रोजचा मुक्काम, तेथले पाणी आणि तेथली उंची एका कागदावर मांडावी. नदीच्या पात्रालगत रात्र काढू नये. एक-दोन दिवस राखीव ठेवावेत. वाट अडली तर मागे कोठवर यायचे, ते निघण्यापूर्वी ठरवावे. स्थानिक माणसाने ‘थांबा’ म्हटले, तर थांबावे. बूट आणि तंबू यांची पाळी यानंतर येते.

(२२) हनुमानचट्टी, जानकीचट्टी, फूलचट्टी, गरुडचट्टी : ही नावे आजही पाट्यांवर दिसतात आणि गाडी बहुधा न थांबता पुढे जाते. त्यातील प्रत्येक नावाचा अर्थ इतकाच, की येथे कोणीतरी आपल्या आधी विचार करून ठेवला होता : दमलेला माणूस साधारण येथवर येईल, त्याला पाणी लागेल, त्याची रात्र येथे जावी. चौंडीच्या अहिल्याबाईंनी हा विचार परमुलखातल्या अनोळखी वाटसरूंसाठी दगडात करून ठेवला. तो वाटसरू कदाचित बालाघाटावरचाच असेल, ज्वारी भावाच्या हवाली करून माघात निघालेला.